वरव्याच्या ओट्यावरून थेट न्यू जर्सी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की भोर तालुक्याच्या हद्दीत महामार्गालगत वरवे बुद्रुक लागतं. इथल्या ओट्यावर बसून न्यू जर्सीतल्या लेकीशी अर्धा तास बोललं, नातवाने नवा दात दाखवला, जावईबापूंनी लांबूनच नमस्कार केला, तर त्या फोनचं वेगळं बिल किती? काही नाही. घरातल्या फायबरचे महिन्याचे चार-पाचशे रुपये भरलेलेच असतात, त्यातच हेही भागतं. १९९०च्या दशकात अमेरिकेला आयएसडी लावायची तर मिनिटाला पन्नास-साठ रुपये मोजावे लागत. म्हणजे याच अर्ध्या तासाचे दीड हजार ते अठराशे. आणि दात दाखवायची सोय त्यात नव्हतीच.

एवढी स्वस्ताई आली कुठून, याच्या गोष्टी मात्र गमतीच्या आहेत. त्यातल्या काही तर आपल्याच पुणे जिल्ह्यात घडल्या.

पत्र हलकं, पाकीट जड

'काय गं, जेवलीस का?' असं तुम्ही विचारता तेव्हा तो आवाज सलग जात नाही. त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. सेकंदाला ५० तुकडे, आणि प्रत्येकाचा प्रवास स्वतंत्र. वाट चुकू नये म्हणून प्रत्येक तुकड्यावर पत्ता, क्रमांक आणि वेळ लिहावी लागते. इंटरनेट फोनमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेल्या जी.७२९ या पद्धतीत २० मिलिसेकंदांचा आवाज फक्त २० बाइटमध्ये मावतो. त्यावरचा पत्ताबित्ता मात्र ४० बाइटचा! पत्रापेक्षा पाकीट दुप्पट जड. तरीही हा प्रकार परवडतो, यावरून आवाज नावाची चीज किती हलकी आहे ते बघा.

वाटेत एखादा तुकडा हरवला तर? ई-मेलचा तुकडा हरवला की यंत्रं तो पुन्हा मागवून घेतात. फोनवर तसं करून चालत नाही. 'जेवलीस'मधला 'ली' अर्ध्या सेकंदाने पोचला तर तो घालायचा कुठे? म्हणून फोन सरळ थाप मारतो. आधीच्या तुकड्यावरून अंदाज बांधतो, तसाच आवाज तयार करतो आणि भोक बुजवतो. एखाददुसरा तुकडा असा भरला तर कानाला पत्ताही लागत नाही. ओळीने पाच-दहा गेले की मग समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा घोगरा होतो आणि 'आवाज तुटतोय गं' सुरू होतं.

याहून मोठी लबाडी शांततेची. दोघं बोलत असताना एक जण साधारण निम्मा वेळ ऐकतच असतो. त्या वेळात रिकामे तुकडे कशाला पाठवायचे, म्हणून अनेक फोनपद्धतींत तेव्हा जवळजवळ काहीच पाठवत नाहीत. पण कानाशी पूर्ण सामसूम झाली की माणूस घाबरतो: 'हॅलो? आहेस ना? कट झाला वाटतं.' मग यावर तोड काय काढली, तर ऐकणाऱ्याच्या फोननेच बारीकशी खरखर तयार करायची. तुमच्या कानात येणारी ती हलकी सळसळ न्यू जर्सीची नसतेच. ती तुमच्या हातातल्या फोनने तुमच्या समाधानासाठी केलेली असते. मला तर या सगळ्या तंत्रज्ञानातला हा सर्वांत माणुसकीचा भाग वाटतो.

जुन्या तारेच्या फोनवर 'सणस बोलतोय' म्हटलं की पलीकडून 'कोण फणस?' असं येण्याची शक्यता चांगली होती. यात कानांचा दोष नाही. तो फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पोचवायचा आणि 'स'ची ओळख पटवणारा सूं-सूं आवाज बराचसा त्याच्या वर असतो. तो कापला गेला की 'स' आणि 'फ' भाऊभाऊ. मग 'स सशाचा' अशी फोड करून आडनाव सांगावं लागे. आता व्हॉट्सअॅपसारख्या अॅपमध्ये वापरली जाणारी, २०१२ साली मानक झालेली ओपस नावाची पद्धत थेट २०,००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकते. सणसांची काळजी मिटली. या ओपसचा एक भाग स्काइपच्या प्रयोगशाळेतून आला, दुसरा खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून. ती वापरायला कुणाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

आवाज इतका दाबून बारीक करण्याच्या विद्येत आपल्या देशाचंही एक नाव ठळक आहे. कानपूरला जन्मलेले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी मॅनफ्रेड श्रोडर यांच्याबरोबर १९८०च्या दशकात जी पद्धत मांडली, तिच्याच घराण्यातल्या पद्धतींवर मोबाइलचे आणि इंटरनेटचे फोन उभे राहिले. वर सांगितलेली जी.७२९ त्याच कुळातली.

परदेशाची वाट: खडकी, दौंड, आर्वी

इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून परदेशाशी बोलण्याची वाट पुणे जिल्ह्यातूनच जात होती.

१९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशांची 'बीम' सेवा सुरू झाली. संदेश पाठवण्याचं केंद्र होतं खडकीला आणि घेण्याचं दौंडला. एकाच ठिकाणी दोन्ही का नाही? पाठवणाऱ्या केंद्राची लहर इतकी दणदणीत असते, की हजारो किलोमीटरवरून थकूनभागून आलेला क्षीण संदेश शेजारी बसून ऐकूच येणार नाही. म्हणून बोलायचं खडकीत आणि ऐकायचं दौंडात. पुढे १९३३ साली इंग्लंडशी रेडिओवरून बोलणंही सुरू झालं. तेव्हा ते परवडायचं कुणाला, तर संस्थानिकांना, बड्या पेढ्यांना आणि साहेबांना. भोर हेही त्या काळी संस्थानच होतं, पण पंतसचिवांनी कधी विलायतेला फोन लावला की नाही, हा ज्याने त्याने कल्पनेने रंगवण्याचा विषय.

मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीला उपग्रहाशी बोलणारं केंद्र उभं राहिलं. देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भू-केंद्र. विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं गेलं. तिथल्या प्रचंड थाळीतून भारताचे परदेशी फोन आकाशात जाऊ लागले. त्याच पंचक्रोशीत खोडदला पुढे जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आली. द्राक्षांच्या मुलखाला आकाशाचं ऐकायचं वेड आहे खरं.

उपग्रहाच्या फोनला एक खोड होती. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यात अर्धा सेकंद नुसता रिकामा. ती शांतता ऐकून इकडचा पुन्हा बोलायला लागायचा, तेवढ्यात तिकडचं उत्तर येऊन थडकायचं, मग दोघंही थांबायचे, मग दोघंही एकदम सुरू. परदेशी फोनवरच्या अर्ध्या पैशांची वाट 'तू बोल', 'नाही, तू बोल' यातच लागत असे. आता आवाज समुद्राखालच्या काचेच्या तंतूंतून जातो आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पोचतो. म्हणजे आज वरव्याहून लावलेला फुकट फोन हा त्या काळच्या महागड्या फोनपेक्षा चपळ आहे.

आता थोडं देशातल्या देशात. ट्रंक कॉलच्या जमान्यात नंबर बुक करून वाट बघायची. घाई असेल तर 'अर्जंट', त्याला दुप्पट पैसे. जीव कंठाशी आला असेल तर 'लायटनिंग', त्याला आठपट. १९८४ साली सी-डॉट ही संस्था निघाली आणि सॅम पित्रोदांच्या नेतृत्वाखाली खेड्यासाठी १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं गेलं. त्याला वातानुकूलित खोली लागत नव्हती, हीच त्याची खरी करामत. त्यातलं पहिलं १९८६ साली बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्माच्या गावात. पाठोपाठ पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. भोरसाठी ०२११३, वेल्ह्यासाठी ०२१३० हे कोड ज्यांनी फिरवले असतील, त्यांना ते लाल आकड्यांचं मीटरही आठवत असेल. बोलणाऱ्याची नजर मीटरवर आणि बोलणं भलतीकडेच. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून अख्ख्या गावाची विचारपूस झोपायच्या वेळी.

शिकागो चालेल, भोर नको

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. योगायोग असा, की त्याच वर्षी फेब्रुवारीत व्होकलटेक या इस्रायली कंपनीने घरच्या संगणकावरून बोलण्याचं पहिलं बाजारी सॉफ्टवेअर आणलं होतं. (इस्रायलमध्ये तेव्हाही हजारो घरांत मराठी बोललं जात होतं. कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली मंडळींचं. त्यांच्या मुलखातूनच ही वस्तू यावी, हे मला उगाचच आवडतं.) सुरुवातीचं ते बोलणं वॉकीटॉकीछाप होतं: एकाने बोलायचं, मग दुसऱ्याने. आवाजाचे तुकडे करून नेटवर्कवरून पाठवायचा प्रयोग मात्र त्याहून वीस वर्षं जुना. १९७०च्या दशकात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावर डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो करून दाखवला होता.

आपल्याकडे मात्र इंटरनेटवरून फोन करायला चक्क बंदी होती. परदेशी फोनच्या कमाईवर पाणी सोडायला सरकार तयार नव्हतं, आणि ती कमाई तरी थोडीथोडकी होती का? शेवटी १ एप्रिल २००२ रोजी परवानगी मिळाली. तारीख बघून काहींना ती थट्टा वाटली असेल, पण खरी थट्टा नियमात होती. संगणकावरून संगणकावर बोला, चालेल. संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर बोला, तेही चालेल. संगणकावरून भारतातल्या फोनवर? अजिबात नाही. म्हणजे पुण्याच्या सायबर कॅफेत हेडफोन लावून शिकागोच्या काकांचा लँडलाइन वाजवायची मुभा, आणि पन्नासेक किलोमीटरवरच्या भोरच्या मामांचा वाजवला तर नियमभंग!

हा विनोद बराच काळ चालला. स्काइप २००३ साली आलं. डेन्मार्क-स्वीडनच्या दोघांची कल्पना, एस्टोनियातल्या पोरांची कारागिरी. नातवंडांची तोंडं बघण्यासाठी आजी-आजोबांनी माऊस धरायला शिकावं, एवढी ताकद त्यात होती. पण याच स्काइपने नोव्हेंबर २०१४मध्ये भारतातून भारतातल्या फोनवर लावायचे कॉल बंद केले. डिसेंबरात एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि असा गदारोळ उठला, की काही दिवसांतच तो बेत गुंडाळावा लागला. त्यातूनच २०१५ची नेट न्यूट्रॅलिटीची चळवळ पेटली आणि दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या दारात लाखो ई-मेल जाऊन पडले. स्वस्त फोनसाठी लोक एवढे एकवटतील, असं कुणाला वाटलं नव्हतं. भोरच्या मामांची अडचण सुटली ती २०१८ साली. नियम बदलले आणि बीएसएनएलने 'विंग्ज' आणलं: सिमकार्ड नको, वर्षाला १०९९ रुपये भरा आणि अॅपवरून देशातला कुठलाही नंबर फिरवा.

पण तोवर बाजारानेच पायाखालची जमीन काढून घेतली होती. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं. त्याचा साधा फोनही आतून तुकड्या-तुकड्यांचाच, म्हणजे इंटरनेटच्याच पद्धतीचा. बोलणं फुकट, पैसे फक्त डेटाचे. मध्ये ऑक्टोबर २०१९मध्ये दुसऱ्या कंपनीच्या फोनवर बोलायला मिनिटाला सहा पैसे लागू झाले, तेव्हा लोक असे चिडले जणू सहा रुपये मागितले! १ जानेवारी २०२१पासून एकमेकींचे कॉल पोचवण्याबद्दलची कंपन्यांमधली देवघेवच बंद झाली.

अमेरिकेतल्या मराठी घरांची कहाणी थोडी निराळी. तिथे आधी कॉलिंग कार्डांचं राज्य. पाठीवरचा नंबर नाण्याने खरवडायचा, मग पंधरा-वीस आकडे दाबायचे आणि एक चुकला की पुन्हा श्रीगणेशा. मग २००९ साली व्होनेज या कंपनीने महिन्याच्या ठरावीक रकमेत भारतात हवं तेवढं बोलायची योजना काढली. राउटरला एक डबी जोडायची, डबीला घरातला साधा फोन. आईबाबांना काही शिकावं लागत नव्हतं, त्यांचा लँडलाइनच वाजायचा. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी याहून सोयीचं काही पुन्हा निघालेलं नाही. बटणं मोठी, रिंग खणखणीत आणि 'म्यूट झालंय, म्यूट काढा' ही भानगड नाही. ज्या स्काइपने दोन दशकं घरं जोडली, ते ५ मे २०२५ रोजी बंद झालं.

डोंगराआड रेंज

भोर आणि वेल्हे म्हटलं की राजगड, तोरणा, रोहिडा. (वेल्हे तालुक्याला तर आता राजगडाचंच नाव मिळालं आहे.) इतिहासाला हे डोंगर फार उपयोगी पडले, मोबाइलला अजिबात नाही. फोरजीच्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी सरळ जातात, डोंगर ओलांडून वळत नाहीत. महामार्गालगत वरव्याला टॉवर दिसतो, पण आत खोऱ्यात शिरलं की रेंज एका दांडीवर येते आणि फोन करायचा तर टेपावर चढावं लागतं. इथे इंटरनेट फोनचा फायदा पैशांपेक्षा जागेचा आहे.

यावरचा साधा उपाय अनेकांच्या फोनमध्ये असतो, पण कुणी बघत नाही: वाय-फाय कॉलिंग. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये ते सुरू केलं. सेटिंगमध्ये जाऊन एकदा चालू करायचं, बस्स. मग घरात रेंजची एकही दांडी नसली तरी फायबरवरून फोन लागतो, आपल्याच नंबरवरून, नेहमीच्याच बटणांनी. समोरच्याकडे इंटरनेट असायची, अॅप असायची गरज नाही. वेगळे पैसे नाहीत. बँकेत काम अडलंय, दवाखान्यात नंबर लावायचाय, अशा वेळी दर वेळी व्हॉट्सअॅपवर भागत नाही. म्हणून खोऱ्यातल्या घराने आधी हे करावं.

एक दुखणं मात्र आहे, आणि ते जुन्या काळ्या फोनला नव्हतं. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा. त्यामुळे गावची वीज गेली तरी फोन चालू. फायबरच्या काचेतून उजेड येतो, वीज नाही. गंमत म्हणजे वाटेत फायबरला जिथे फाटे फुटतात त्या डब्यांना वीज लागतच नाही, तिथे प्रकाश आपोआप वाटला जातो. पण दोन्ही टोकांना लागते. पावसाळ्यात फीडर बसला की राउटर डोळे मिटतो आणि त्याच्याबरोबर न्यू जर्सीही जाते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढतो. तो घ्यावाच, असं माझं आग्रहाचं सांगणं. आणखी एक: व्हॉट्सअॅपवरून ११२ लागत नाही. अडीअडचणीसाठी साधा फोन लावता येईल अशी जागा घरात कुठे आहे, ते आधीच बघून ठेवलेलं बरं.

स्वस्ताईला चोरवाटाही फुटल्या. परदेशातून आलेला कॉल इंटरनेटवरून गुपचूप आणायचा, शेकडो सिमकार्डं खोचलेल्या 'सिम बॉक्स' नावाच्या डब्यात सोडायचा आणि तिथून साध्या स्थानिक कॉलसारखा पुढे लावायचा. परदेशी कॉलचा आकार बुडाला, आणि पोलिसांना कॉल कुठून आला ते कळेना. २०२४ साली पुण्यात कोंढव्यात एटीएसने असंच एक बेकायदा एक्स्चेंज पकडलं. तेव्हा दुबईच्या भाच्याचा फोन अनोळखी भारतीय मोबाइल नंबरवरून आला, तर आधी तो भाचाच आहे ना, हे विचारून घ्या.

सगळं फुकट झालं, तरी एक गोष्ट अजून कुणाला स्वस्त करता आली नाही: घड्याळ. भारताचं घड्याळ वर्षभर एकच. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. हा बदल तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, म्हणजे ऐन दिवाळीच्या आगेमागे. २०२४ साली तर तो नेमका भाऊबीजेच्याच दिवशी, ३ नोव्हेंबरला आला. त्या संध्याकाळी साडेसहाला इकडून ताईने ताट सजवून व्हिडिओ कॉल लावला असेल, तर हिशेबाने तिकडे सकाळचे नऊ व्हायला हवे होते. वाजले होते आठ, आणि तोही रविवार.